अमेरिका सोडली की सोशल सिक्युरिटी करमुक्त?

निवृत्तीनंतर अमेरिकेबाहेर राहायला गेलं की सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनवर, कर लागत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साफ चूक. अमेरिकी नागरिक जगात कुठंही राहो, तिथला करकायदा पाठ सोडत नाही. एकूण उत्पन्नानुसार या रकमेचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र ठरतो. (हा कराचा दर नव्हे, घाबरू नका!) गोंधळाचं मूळ परदेशी कमाईवरच्या सवलतीत आहे. ती पगाराला, धंद्याच्या कमाईला मिळते, पेन्शनला नाही. नागरिक नसलेल्या अनिवासींना तर ८५ टक्के रकमेवर सरसकट ३० टक्के, म्हणजे १,००० डॉलरमागे २५५ डॉलर हातात पडण्याआधीच कापले जातात. काही देशांशी झालेल्या करारांमुळे मात्र ही कपात कमी होते किंवा टळते.