घर हिरव्यात, डोंगर लाल

इर्शाळवाडी आठवते ना? 19 जुलै 2023 ची रात्र, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळलेली, आणि वर गाडीरस्ताच नाही त्यामुळे मशिनरी नेता येईना, माणसं हातानं ढिगारा उपसतायत. नंतर कळलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. तेव्हापासून दरडींचा धोका दाखवणारे नकाशे नक्की कसे बनवतात ते नीट समजून घ्यायचं माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि मामाच्या गावाचा डोंगर उघडला.

सुरुवात उंचीच्या डेटापासून होते. 2000 साली एंडेव्हर यानानं रडारनं पृथ्वीचा बराच भाग मोजला, तो डेटा आज कुणीही डाउनलोड करू शकतं. जमीन 30 मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. शेजारच्या दोन चौकोनांत 17 मीटरचा फरक आला की उतार साधारण 30 अंशांचा, बस एवढं सोपं गणित. पण एक चौकोन म्हणजे जवळपास 9 गुंठे हो! मामाचं घर, गोठा, अंगण, मागचा बांध, सगळं एकाच चौकोनात बसलं, आणि घरामागं डोंगर कापून केलेली उभी माती, जी मला डोळ्यांनी दिसते, ती स्क्रीनवर कुठेच नाही.

मग उताराच्या नकाशावर माहितीचे बाकीचे थर चढवायचे, म्हणजे खडक कुठला, मातीचा थर किती जाड, जंगल आहे की शेत, ओढा किती लांब, रस्ता कुठून कापलाय. आपल्याला वाटतं जितका उभा कडा तितका धोका जास्त, पण सह्याद्रीत तसं नसतं, कारण उभ्या कातळावर माती टिकतच नाही, तिथून फार तर दगड सुटतात. मातीचे मोठे लोंढे येतात ते मधल्या उतारांवरून, जिथं झिजलेल्या बेसॉल्टची माती आणि मुरूम खालच्या कातळावर जाड बसलाय. पाऊस मुरत मुरत कातळापर्यंत जातो, पुढे वाट नाही म्हणून तिथंच साचतो, त्या पाण्याचा दाब मातीला आतून उचलून धरतो आणि तिची पकड सुटते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं.

कुठल्या थराला किती वजन द्यायचं हे जुन्या दरडींवरून ठरतं. आधी कुठं कुठं कोसळलंय ती टिंबं नकाशावर टाकायची आणि त्या जागांमध्ये सारखं काय होतं ते कॉम्प्युटरला शोधायला लावायचं. इस्रोच्या 2023 च्या अ‍ॅटलासमध्ये 1998 ते 2022 मधल्या सुमारे 80,000 दरडी आहेत. पण एकूणच गोची अशी की रस्त्यावर आलेली दरड लगेच नोंदली जाते आणि रानात कोसळलेली कुणी बघतही नाही, मग कॉम्प्युटरला वाटतं दरडी रस्त्याकडेलाच पडतात.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. नकाशात लाल म्हणजे जास्त धोका, हिरवा म्हणजे कमी, पण तो लाल रंग सहसा दरड सुटते कुठून ते सांगतो, ती पोचेल कुठवर ते नाही. वाडी तर बहुतेकदा सपाटीवर वसते, पाणी जवळ आणि घर बांधायला सोपं म्हणून, त्यामुळे घर हिरव्यात दिसतं आणि लाल पट्टा वर डोंगरात. वायनाडमध्ये 30 जुलै 2024 ला दरड साधारण 1550 मीटर उंचीवर सुटली आणि तो राडारोडा नदीच्या पात्रातून 8 किलोमीटर खाली गेला, चूरलमला हे गाव वाहून गेलं. त्यामुळे स्वतःच्या घराचा रंग बघून थांबू नका प्लीज, घराच्या वरचा ओढा बोटानं पकडून उगमापर्यंत जा आणि तिथला रंग बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे 1:50,000 चे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत, पण त्यात 1 सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, एका वाडीचा निर्णय त्यावर घेता येत नाही, जागेवर जावंच लागतं.

मी मामाला स्क्रीन दाखवली तर तो रंगांकडे बघेचना. त्यानं ओढ्याच्या वरच्या वळणावर बोट ठेवलं, म्हणाला, "हितं, माझ्या लहानपणी, आख्खा धस आला होता, आंब्याच्या बुंध्यापर्यंत." आंबा अजून आहे, खोड खाली कललेलं. ते टिंब मी नकाशावर टाकलं, कुठल्याच यादीत ते नव्हतं.