अर्धशिशी, मान आणि व्यायाम : आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येण्यापूर्वी

अर्धशिशीचे बरेच रुग्ण आमच्याकडे येतात ते मान दाखवायला. "आधी मान आखडते, मग डोकं उठतं. तेवढी मान मोकळी करून द्या," असं त्यांचं म्हणणं असतं. काहींनी त्याआधी वर्षानुवर्षं पित्ताची औषधं घेतलेली असतात, कारण उलटी झाली की उतार पडतो. मानेचा संबंध आहे, हे खरं. पण तो वाटतो तितका सरळ नाही.

डोक्याकडून आणि चेहऱ्याकडून येणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे संदेश आणि मानेतल्या वरच्या तीन नसांचे संदेश मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेतली कळ डोळ्यामागे जाणवू शकते, आणि डोक्यात सुरू झालेला अटॅक मानेत जाणवू शकतो. अनेकांच्या बाबतीत आखडलेली मान हे अर्धशिशीचं कारण नसतंच, ती अटॅकची पहिली चाहूल असते. म्हणून मान चोळून अर्धशिशी कायमची घालवू, असं आश्वासन आम्ही कुणालाच देत नाही. अटॅक कमी वेळा यावेत आणि आले तरी कमी छळावेत, यासाठी मात्र बरंच काही करता येतं. त्यात सर्वांत भरवशाचा आहे तो साधा, नियमित, दम लागेल असा व्यायाम.

स्वीडनमध्ये 91 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्याने शिथिलीकरण, तिसऱ्याने टोपिरामेट हे अटॅक टाळण्यासाठी दिलं जाणारं औषध घेतलं. अटॅकची संख्या तिन्ही गटांत साधारण सारखीच घटली. दिल्लीच्या एम्समधला 2020 सालचा अभ्यास योगाभ्यासाबद्दलचा आहे. नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा औषधासोबत तीन महिने योग करणाऱ्यांना जास्त आराम पडला. याचा अर्थ औषध सोडा असा नाही. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

व्यायाम करायचा तो डोकं शांत असलेल्या दिवशी. अटॅक चालू असताना जिना चढला तरी ठणका वाढतो, हे अर्धशिशीचं लक्षणच आहे. त्या वेळी अंधाऱ्या खोलीत पडून राहा, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या. "घाम गाळला की उतरेल" म्हणून चालायला निघू नका.

सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करा. वेग असा ठेवा, की शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या ते पाऊण तासावर या. एकदम धावायला लागलात तर व्यायामानेच अटॅक येऊ शकतो. मग माणूस "मला व्यायाम सोसत नाही" म्हणून कायमचा सोडून देतो, हे आम्ही फार वेळा पाहतो. निघण्यापूर्वी पाणी प्या, थोडं काही खा. संकष्टी-एकादशीचे उपवास करणाऱ्यांना उपाशीपोटीच अटॅक येत असेल, तर त्या दिवशी व्यायामाला सुट्टी द्या. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर पडू नका. सूर्यनमस्कार चालतात, पण सावकाश. डोकं खाली गेल्यावर ठणकत असेल तर ते सोडा. शीर्षासन नकोच. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा.

मानेसाठी आम्ही दोनच व्यायाम आधी शिकवतो. पहिला : ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या, जणू दुहेरी हनुवटी करताय. पाच सेकंद थांबा, सोडा, असं दहा वेळा. दुसरा : खांदे कानाकडे न उचलता पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढा. हातात झिणझिण्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबा आणि आम्हाला सांगा.

आता बसण्याच्या पद्धतीबद्दल. मोबाइलकडे वाकून पाहिल्याने मानेवर 27 किलो भार येतो, असं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. तो आकडा संगणकावर मांडलेल्या गणिताचा आहे, कुणाच्या मानेत मोजलेला नाही. एकच आदर्श बैठक अशी काही नसते. कितीही छान बसलात तरी तासभर तसंच राहिलात तर मान तक्रार करणारच. अर्ध्या तासाने उठा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि वेगळा कीबोर्ड जोडा. ओटा बुटका असेल तर चिरण्याचा पाट उंच डब्यावर न ठेवता सरळ टेबलाशी बसून भाजी चिरा, डबा घसरतो. जड पर्स रोज एकाच खांद्याला नको. पोटावर झोपू नका, मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते.

सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर आजच थांबवा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झालेला आहे.

वेदनाशामक गोळ्यांचा हिशेबही ठेवा. साध्या गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा अटॅक थांबवण्यासाठीच्या खास गोळ्या) वा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तेव्हा व्यायामाआधी न्यूरॉलॉजिस्टना भेटायला हवं.

पुढीलपैकी काही असेल तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा : क्षणार्धात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि गरोदरपणातली नवी डोकेदुखी यांचीही आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

पहिल्या भेटीला सैल कपडे घाला, चष्मा आणि जुने रिपोर्ट आणा. शक्य असेल तर मागच्या महिन्याची नोंद आणा : कोणत्या तारखेला डोकं दुखलं, किती तास, त्या दिवशी झोप आणि जेवण कसं होतं, पाळी होती का, कोणती गोळी घेतली. कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलीने केलेल्या खुणाही चालतील. त्या दिवशी डोकं उठलेलं असेल तर फोन करून वेळ बदलून घ्या.