उकड्या तांदळाची युद्धातली कामगिरी

‘उकडा तांदूळ खा, शुगर वाढत नाही’ हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर परवा पुन्हा फिरून गेला. शुगर वाढते, सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा जरा सावकाश, इतकंच. उकड्याची खरी कर्तबगारी वेगळी आहे, आणि ती युद्धाच्या काळात कामी आली.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. कोकणातल्या बहुतेक घरांना स्वतःचं भात वर्षभर पुरत नसे. ज्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर चूल पेटायची, त्यांच्या मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं. युद्ध १९४५ मध्ये संपलं, रेशन कार्ड राहिलं. नाचणी, कुळीथ, उकडलेल्या आठळ्या यांवर भागवायचं आणि मूठभर तांदळाची पेज सगळ्यांना पुरवायची.

त्या मुठीत काय होतं ते बघू. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मुख्यतः दाण्याच्या अंकुरात आणि कोंड्याच्या थरात असतं. सुरय तांदूळ पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर गुरांच्या पुढ्यात जातं. उकड्यासाठी भात सालासकट भिजवतात आणि साल फुटेपर्यंत हंड्यात उकडतात. थायमिन पाण्यात विरघळून दाण्याच्या पोटात शिरतं. तेवढ्यात उष्णतेने स्टार्चचे कण फुगून एकजीव होतात, भेगा बुजतात, आणि वाळल्यावर दाणा काचेसारखा होतो. थायमिन आत कोंडलं जातं. मग सडा, धुवा, बरंचसं टिकतं. शरीरात त्याचं थायमिन पायरोफॉस्फेट बनतं. ग्लुकोज तुटून पायरुव्हेट बनतं; त्याचं पुढच्या टप्प्यातलं असेटिल को-एन्झाइम ए बनवणारं एन्झाइम थायमिन पायरोफॉस्फेटशिवाय चालत नाही, आणि ग्लुकोजमधली ऊर्जा तिथेच अडते. मज्जातंतू आणि हृदय यांना त्याचा फटका बसतो, तो बेरीबेरी. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर पॉलिशचा सुरय खाणाऱ्यांत हा रोग होता, उकडा खाणाऱ्या दक्षिणेत क्वचितच. शिवाय पेजेत पाणी ओतून टाकत नाहीत, त्यामुळे शिजताना उतरलेलं थायमिनही पोटात जातं.

रेशनच्या तांदळाला हे लागू नव्हतं. तो गिरणीतून जसा येईल तसा. घरच्या भातालाच हा फायदा, आणि त्याला सरपण दोनदा लागे: एकदा उकडायला, पुन्हा शिजवायला, तेही सुरयपेक्षा जास्त वेळ. पावसाआधी रानातून भारे आणायचं काम सासवा-सुनांचं. त्याच बायका खळ्यात भात वाळत घालत, आणि आभाळ भरून आलं की हातातलं टाकून ते गोळा करायला धावत.