‘बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत’ : अर्धसत्य

गाडीच्या शोरूममधल्या बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते : ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’. त्यावर सही केली म्हणजे पैसे बुडाले, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे.

ही ओळ पुढे करायची ती ग्राहकाने माघार घेतली तर. तेव्हाही करार कायद्याच्या कलम ७४ नुसार डीलरला वाजवी भरपाईच मागता येते. डीलरनेच ठरलेली गाडी दिली नाही, तर पैसे अडकवायला त्याला आधार नाही. फक्त ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ ही अट आधी वाचा. ती असेल, तर कंपनीने वाढवलेल्या दरावरून भांडण सहसा टिकत नाही. विमा मात्र शोरूममधूनच घ्या, ही सक्ती चालत नाही.

पैसे अडकले, तर आधी डीलरला मुदत देऊन लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. फोनवरच्या ‘बघतो साहेब’ला पुरावा नसतो. सोबत फॉर्म, पक्की पावती, यूपीआयची नोंद. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (फोन १९१५), नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेही तक्रार चालते, वकील लागतोच असं नाही. कोणता आयोग आणि किती शुल्क, हा हिशेब गाडीच्या किमतीवर नव्हे, तुम्ही मोजलेल्या रकमेवर होतो. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. तक्रार करायची मुदत २ वर्षं. केवळ कराराची अटच अन्याय्य ठरवून घ्यायची असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं.