कणसाच्या दोन-चार ओळी

मोठं कणीस बियाण्याला राखायचं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण त्या मोठेपणात बियाण्याचा वाटा किती आणि शेणखताचा किती? हेरिटेबिलिटी म्हणजे या वाटणीचाच आकडा. नुसतं कणीस निरखून तो मिळत नाही, पुढची पिढी पेरावी लागते.

विल्हेल्म योहान्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने डेन्मार्कमध्ये घेवड्यावर हे केलं (१९०३). एकाच झाडापासून स्वपरागणाने वाढवलेल्या शुद्ध वाणात त्याने जड बिया वेगळ्या पेरल्या, हलक्या वेगळ्या. दोन्हींच्या संततीचं सरासरी वजन जवळपास सारखंच भरलं. फरक डोळ्यांना दिसत होता, पण वारशात नव्हता. मला तरी यापेक्षा देखणा प्रयोग माहीत नाही.

त्याआधीच, १८९६ मध्ये, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सिरिल हॉपकिन्सने मक्याची १६३ कणसं तपासायला घेतली होती. सरासरी प्रथिनं १०.९ टक्के, तेल ४.७ टक्के. पण रासायनिक तपासणीत दाणा संपतो, मग पेरायचं काय? हॉपकिन्सच्या लक्षात आलं की एका कणसातले दाणे घटकांच्या बाबतीत बहुतेक सारखेच असतात. म्हणून दोन-चार ओळी सोलून प्रयोगशाळेत द्यायच्या आणि उरलेलं कणीस बियाण्याला ठेवायचं. चाकूने दाणा चिरला तरी अंदाज येई: अंकुर मोठा तर तेल जास्त.

निवड त्याने दोन्ही दिशांनी चालवली, जास्तीची आणि कमीचीही. यातली मेख अशी की एखाद्या वर्षीच्या हवामानाने प्रथिनं वाढली, तर साधारण दोन्ही वाणांत वाढतात. दोघांतलं अंतर पाहिलं की हवामानाचा बराच हिशेब वजा होतो.

पुढे अमेरिकेतल्याच आयोवात जे लश या शास्त्रज्ञांनी पशुपैदाशीत हे गणित रुळवलं. समजा कळपाची सरासरी १०, निवडलेल्या आईबापांची १४ आणि संततीची ११. उचललेल्या चारांपैकी एकच हाती लागला, म्हणजे हेरिटेबिलिटी ०.२५. एडिनबरात डग्लस फाल्कनर यांनी उंदरांवर दोन्ही दिशांची निवड करून हेरिटेबिलिटी याच रीतीने काढली. मात्र दर पिढीला मोजकेच आईबाप ठेवले की नशिबानेही सरासरी सरकते, म्हणून एकाच दिशेचे दोन-तीन समांतर वंश आणि तुलनेला निवड न केलेला एक वंश ठेवण्याची पद्धत पडली.

इलिनॉयमध्ये ४८ पिढ्यांनंतर मक्याच्या काही वाणांची निवड उलट दिशेने वळवली. भरपूर तेलाच्या वाणातलं तेल उतरू लागलं. इतक्या निवडीनंतरही आनुवंशिक वैविध्य संपलेलं नव्हतं. मूळ दिशेने चालू राहिलेल्या वाणाचं तेल शंभर पिढ्यांत २० टक्क्यांच्या वर गेलं.