‘तीन महिन्यांची साखर’ उतरली, म्हणजे नेमकं काय झालं?

राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबबाहेर सकाळी ‘तीन महिन्यांची साखर’ कानावर पडतेच. मागच्या खेपेला ७.४ होती, आता ७.१ आली, म्हणजे औषध लागू पडलं! ही चाचणी म्हणजे एचबीए१सी, रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, याचा आकडा. आकडा उतरल्याने रोग्याचं भलं होतं, हे ठरायला मात्र तब्बल २५ वर्षं गेली.

१९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन आढळलं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब तिच्यात उरतो. पण हा आकडा खाली येतो का? १९७६ मध्ये कोनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी अवघ्या ५ रुग्णांची साखर इस्पितळात आटोक्यात आणली, तेव्हा काही आठवड्यांनी तोही उतरला. माझ्या मते या चाचणीचा खरा जन्म तिथे झाला.

पुढची अडचण मोजमापाची. प्रत्येक लॅबची पद्धत निराळी, आकडे निराळे. अमेरिकेत १९९६ पासून ते एका मापावर आणण्याचं काम सुरू झालं. तरीही एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत थोडा फरक येतोच. म्हणून साधारण ०.५ एवढी घट झाली तरच डॉक्टर ती खरी धरतात. वरचा ०.३ त्यात बसत नाही. शिवाय आकडा फार चढला असतानाच माणूस तपासणीला येतो, आणि असा चढलेला आकडा पुढच्या वेळी काही न करताही थोडा खाली येतो. इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्येच, माणसांच्या उंचीचा अभ्यास करताना, हा कल दाखवला होता. औषधाच्या चाचणीत तुलनेचा दुसरा गट लागतो तो यासाठीच.

आकडा उतरल्याने रोग्याचं भलं होतं का, या मूळ प्रश्नाचं उत्तर १९९३ मध्ये डीसीसीटी या अभ्यासाने दिलं. टाइप १ मधुमेहाचे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असे, १,४४१ रुग्ण. एका गटाची एचबीए१सी ७ च्या आसपास, दुसऱ्याची ९ च्या. पहिल्या गटात डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मग जितकी कमी तितकी बरी? टाइप २ च्या, म्हणजे इन्सुलिन नीट लागू न पडणाऱ्या, १०,२५१ रुग्णांवरच्या अकॉर्ड अभ्यासात एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाले, २५७ विरुद्ध २०३, आणि २००८ मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

आपल्याकडच्या बायकांसाठी एक गोष्ट मला कळकळीने सांगाविशी वाटते. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की ती उतरते, साखर होती तेवढीच असते. म्हणून रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिनचा कागदही सोबत न्यावा आणि मध्यंतरी लोहाच्या गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं.