रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकली म्हणजे प्रोजेक्टर होत नाही

काही वर्षांपूर्वी मी गाडीचे मूळ हॅलोजन बल्ब काढून पांढरेशुभ्र एलईडी बसवून घेतले. बसवणारा म्हणाला, "आता बघा, प्रोजेक्टरसारखा फोकस पडेल." दुकानासमोरची भिंत खरोखरच दुधासारखी उजळली आणि मी खूश होऊन घरी आलो. आठवड्याभरातच रात्री शिरपूरहून चोपड्याकडे येताना समोरचा एक ट्रॅक्टर पार साइडपट्टीवर उतरून थांबला. मी काच खाली केली तर चालवणारे बाबा म्हणाले, "मन्हा डोया दिपी गयात, भाऊ." मी अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, लावलेलाच नव्हता; डिपरवरच, म्हणजे खाली रस्त्यावर पडणाऱ्या झोतावरच होतो. त्यांच्या ट्रॉलीत शेतावरून परतणाऱ्या बायका बसलेल्या होत्या. त्या रात्रीपासून मी या दिव्यांच्या मागे लागलो.

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, ॲक्सेसरीच्या दुकानांत 'प्रोजेक्टर' हा शब्द सर्रास तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात: पांढऱ्या उजेडासाठी, एलईडी बल्बसाठी आणि खऱ्या प्रोजेक्टरसाठी. गोंधळ इथूनच सुरू होतो. बल्ब आणि दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हॅलोजन, झेनॉन, एलईडी हे उजेड तयार करतात. रिफ्लेक्टर आणि प्रोजेक्टर तयार झालेल्या उजेडाला दिशा देतात. म्हणून हॅलोजनचा प्रोजेक्टर असू शकतो आणि कंपनीतूनच एलईडीचा रिफ्लेक्टरही येऊ शकतो. हे दोन्ही प्रकार रस्त्यावर आहेत आणि नीट बनवलेले असतील तर दोन्ही चांगले आहेत.

आधी रिफ्लेक्टर बघू, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या आणि स्वस्त गाड्यांत तोच आहे. मागे चकचकीत वाटी आणि पुढे पारदर्शक काच, जी हल्ली बहुधा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. वाटीच्या मधोमध बल्ब. यातला सर्वांत परिचित बल्ब म्हणजे एच-४. तो ६० आणि ५५ वॉटचा असतो, कारण त्यात तारा दोन आहेत. अप्परची तार वाटीच्या बरोबर केंद्रबिंदूवर येते, म्हणून तिचा उजेड सरळ लांब जातो. डिपरची तार केंद्रबिंदूच्या जरा पुढे असते आणि तिच्याखाली पत्र्याची एक इवलीशी पन्हळ असते. ही पन्हळ खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे डिपरवर फक्त वाटीचा वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला उजेड खाली, रस्त्यावर पडतो. खालचा भाग उजळला असता तर तो उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. बोटाच्या पेराएवढ्या काचेत केवढा विचार केलेला आहे! मी जुना बल्ब हातात घेऊन ती पन्हळ पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा मला त्या बाबांच्या बोलण्याचा अर्थ लागला.

कारण आपण त्या जागी काय बसवतो? तारेचा उजेड चहूबाजूंनी सारखा पसरतो आणि वाटीचा आकार त्या तारेची लांबी-जाडी धरूनच काढलेला असतो. एलईडी बल्बमध्ये दोन बाजूंना सपाट चिप असतात. मधली पट्टी तारेपेक्षा जाड असते आणि चिपची जागा तारेच्या जागेशी तंतोतंत जुळतेच असं नाही. इथे एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरकही पुरेसा असतो. वाटीला अनपेक्षित ठिकाणाहून उजेड मिळाला की ती तो अनपेक्षित ठिकाणी फेकते. थोडा झाडांच्या शेंड्यांवर, थोडा समोरच्या गाडीत, आणि बराचसा आपल्याच बोनेटच्या पुढ्यात.

हा पुढ्यातला उजेड जास्त फसवा आहे. दहा-पंधरा मीटरचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून वाटतं की दिवे जबरदस्त आहेत. पण जवळच्या लख्ख पट्ट्यामुळे डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधारातलं कमी दिसू लागतं. आणि धोका लांबच असतो: बिनदिव्याची उसाची गाडी, रस्त्यावर बसलेली म्हैस, भरलेली कापसाची ट्रॉली.

आता प्रोजेक्टर. यात वाटी अंडाकृती असते, म्हणजे तिला एक सोडून दोन केंद्रबिंदू असतात. पहिल्यावर बल्ब बसतो. त्याचा सगळा उजेड दुसऱ्या केंद्रबिंदूपाशी गोळा होतो. बरोबर तिथेच पत्र्याचा एक पडदा उभा असतो आणि त्याच्यापुढे काचेचं जाड, फुगीर भिंग. भिंग त्या पडद्याच्या कडेची प्रतिमा रस्त्यावर उलटी पाडतं. म्हणून पडदा खालचा भाग अडवतो आणि रस्त्यावर मात्र वरचा भाग काळोखा राहतो. भिंतीवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते ती हीच. हिला कट-ऑफ म्हणतात. काही दिव्यांत अप्पर लावला की छोटं चुंबक तो पडदा खाली ओढतं. गाडी बंद असताना कान दिला तर 'टक' असा आवाजही येतो.

म्हणजे दोघांचं काम एकच, रीत वेगळी. रिफ्लेक्टर उजेडाला आकार देतो तो वाटीच्या घडणीतून आणि बल्बच्या अचूक जागेतून. प्रोजेक्टर आधी उजेड गोळा करतो, नको तेवढा कापतो आणि उरलेला भिंगातून फेकतो. यामुळेच हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये दुसऱ्या जातीचा बल्ब घातला की सगळं विस्कटतं. प्रोजेक्टरमध्ये घातला तर निदान कट-ऑफची रेघ बऱ्याच अंशी टिकते, कारण पडदा जागच्या जागीच असतो. मात्र तिथेही मधला तेजस्वी भाग पसरट होतो आणि लांबची नजर कमी होऊ शकते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रोजेक्टरचा पडदा उजेड अडवतो म्हणजे थोडा वायाही घालवतो. जुन्या हॅलोजन प्रोजेक्टरपेक्षा चांगल्या रिफ्लेक्टरचा उजेड जास्त भरून पडतो, असा अनुभव अनेकांना येतो आणि तो खरा आहे.

दुकानात दोन आकड्यांचीही सरमिसळ होते. खोक्यावरचे केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. हॅलोजन साधारण ३,२०० केल्विन म्हणजे पिवळसर, तर बाजारातले बहुतेक एलईडी ६,००० किंवा त्याहून वर, निळसर पांढरे. आकडा वाढला म्हणजे उजेड वाढला असं अजिबात नाही, फक्त पांढरेपणा वाढला. लुमेन म्हणजे एकूण उजेड. एच-४ हॅलोजनचा डिपर साधारण १,००० लुमेन देतो आणि अप्पर १,६५०. असं असताना ३० वॉटच्या एलईडीच्या खोक्यावर २०,००० लुमेन छापलेले दिसतात. एका वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन धरले तरी हिशेब तीन-चार हजारांपुढे जात नाही. आणि तेवढे निघाले तरी ते रस्त्यावर पडतात की दुसऱ्याच्या डोळ्यांत, हे लुमेन सांगत नाही. ते वाटीच सांगते.

डिपरबद्दल मी एवढं बोलतोय त्याला आपला मुलूख कारण आहे. मुंबई–आग्रा रोडवर, किंवा सुरत–धुळे–जळगाव महामार्ग जिथे चौपदरी झालाय तिथे, मध्ये दुभाजक असतो. पण चोपडा–यावल–रावेर रस्त्यावर दुभाजक नाही, आणि केळीचे ट्रक रात्रीच निघतात. कोंडाईबारीच्या किंवा कन्नडच्या घाटात तर वळणावळणाला समोरून कोणीतरी असतंच. तिथे अप्पर लावायला मिळतो तो मोजून काही सेकंद. रात्रीची बाकी सगळी गाडी डिपरवर चालते.

आणि डिपर किती लांब पोचतो? दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल आणि उजेडाची वरची रेघ नियमाप्रमाणे एक टक्का खाली उतरत असेल, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, तर ती ७० मीटरवर जमिनीला टेकते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५. बेरीज ७० च्या आसपास येते. म्हणजे डिपरवर ८० च्या पुढे गेलात की जे दिसतच नाही त्याच्या भरवशावर चालवत असता, बल्ब कोणताही असो.

ही एक टक्क्याची उतरण उलटी झाली, दिवा तेवढाच वर बघू लागला, तर ५० मीटरवर उजेड ५० सेंटिमीटर वर चढतो. ७० आणि ५० मिळून १२० सेंटिमीटर. समोरच्या कारमधल्या माणसाचे डोळे जवळपास तिथेच असतात.

डिपरच्या रेघेत आणखी एक बारकावा आहे. ती सरळ आडवी नसते, डावीकडे जरा वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून रस्त्याची डावी कड लांबपर्यंत दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये, अशी ती रचना आहे. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेले आपल्याकडचे जथेच्या जथे ऊन टाळायला रात्री चालतात, ते याच कडेने. बाहेरून मागवलेला स्वस्त प्रोजेक्टर जर उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला असेल तर त्याची रेघ उजवीकडे चढते. मग कडेचा वारकरी दिसत नाही आणि समोरचा चालक मात्र दिपतो. विकत घेण्याआधी भिंतीवर लावून दाखवायला सांगा. ही एक गोष्ट मी कोणालाही आग्रहाने सांगेन.

मग उजेड वाढवायचाच असेल तर? माझा क्रम दुकानदाराच्या क्रमाच्या उलटा आहे. सगळ्यात आधी दिव्याची काच बघा. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात गाडी बाहेर उभी राहिली की अतिनील किरणांमुळे पॉलिकार्बोनेट पिवळं, धुरकट पडतं. धुरकट काच उजेड खातेही आणि विखरतेही. ती पॉलिश होते. फक्त पॉलिशनंतर संरक्षक थर द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तीच गत.

दुसरं वायरिंग. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि होल्डरवर १२ च मिळत असतील, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड तारांतच गेला असं समजा. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून हे दोन आकडे मोजून घ्या. फरक असेल तर बॅटरीवरून फ्यूज घालून, जाड वायर आणि रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा पुरवठा चालू-बंद करणारा स्विच) देऊन दिव्यांना थेट पुरवठा द्यावा. मूळ वायरिंगवर १००/९० वॉटचे बल्ब चढवणं मात्र टाळाच, त्याने होल्डर वितळलेले मी पाहिले आहेत. त्याच वॉटचे, पण जास्त उजेडाचे चांगल्या कंपनीचे हॅलोजन मिळतात. त्यांचं आयुष्य कमी असतं, पण रात्री जास्त फिरणाऱ्याला ते परवडतात.

तिसरी सेटिंग. जिनिंगचा शेड, शाळेची भिंत, कोणतीही उभी भिंत आणि तिच्यासमोर सपाट जमीन चालेल. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस, लेव्हलरचं बटण, म्हणजे आतून दिवे वर-खाली करणारं बटण, शून्यावर. गाडी भिंतीला चिकटवून दिव्यांच्या मध्याची खूण करा, मग दहा मीटर मागे घ्या. एकेक दिवा झाकून दुसऱ्याची रेघ खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली आणा. मागच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला की काम होतं. बंपर ठोकल्यावर किंवा दिवा बदलल्यावर हे पुन्हा करावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तरच प्रोजेक्टरकडे वळा. त्यातही आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीकडून प्रोजेक्टर येत असेल आणि प्लग जुळत असतील तर अख्खा दिवाच बदलणं मला सर्वांत बरं वाटतं. आहे तो दिवा भट्टीत तापवून, काच उकलून आत प्रोजेक्टर बसवणारे कारागीरही आहेत, काही फार कुशल आहेत. पण काच परत चिकटवताना जरा हलगर्जी झाली की पहिल्या पावसात आत वाफ धरते. कायद्याचंही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत परस्पर बदल करण्याविरुद्ध आहे. आणि वायरिंग कापलं तर वॉरंटीवरून वाद होतात ते वेगळेच.

मी स्वतः काय केलं? एलईडी काढले, साधे ६०/५५ चे हॅलोजन परत बसवले, रिले घातली, काचा पॉलिश करून सेटिंग केली. उजेड आता पिवळट आहे, भिंतीवर तितका भारी दिसत नाही. पण डावीकडचं बाभळीचं खोड पूर्वीपेक्षा लांबून दिसतं आणि समोरचे ट्रकवाले डिपर मारून खुणावत नाहीत.

राहिलं ते लेव्हलरचं बटण. मामाकडून दादर ज्वारीचं पोतं डिकीत टाकून, मागे तिघं बसवून निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि नीट लावलेला दिवाही वर बघू लागतो. बटण १ किंवा २ वर न्यायचं, पोतं उतरलं की परत शून्यावर. माझ्या गाडीत ते स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्याजवळ आहे. पहिली सहा वर्षं मी त्याला हातही लावला नव्हता.